पाच लिटरचा कुकर आणि तीन डबे: चौघांच्या घराला आठवडाभर पुरतात का?

संध्याकाळी सातला घरात शिरायचं आणि आठला पानं वाढायची, तेही बाहेरून काही न मागवता, असं ज्या घराचं वेळापत्रक आहे त्या घरासाठी हा आढावा आहे. वस्तू नवी नाही. बाहेरच्या झाकणाचा पाच लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, तळाला जाळी आणि एकावर एक बसणारे स्टीलचे तीन डबे. इलेक्ट्रिक कुकर, एअर फ्रायर वगैरेंच्या गर्दीत हा संच मागे पडल्यासारखा वाटतो. पण कमी खर्चात आठवडा निभवायचा तर आजही पहिली खरेदी हीच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. अट एकच: डबे नीट निवडले पाहिजेत आणि कुकर लावायची पद्धत थोडी शिस्तीची हवी.

आधी डब्यांचं बोलू, कारण फसगत तिथेच होते. दुकानात 'पाच लिटरला बसणारे' म्हणून मिळणारे काही डबे जेमतेम पाऊण लिटरचे असतात. मोजायची वाटी १५० मिलीची धरली तर चौघांच्या भाताला दीड वाटी तांदूळ आणि तीन वाट्या पाणी लागतं. म्हणजे भात फुलायच्या आधीच ६७५ मिली झालं. पाऊण लिटरच्या डब्यातून हा भात उतू जातो आणि पेज खालच्या डाळीत उतरते. डबा पाण्याने भरून मोजा, एक लिटर मावत असेल तरच घ्या. डबे कुकरच्या भिंतीला घासून बसता कामा नयेत, चहूबाजूंनी बोटभर जागा वाफेला हवी. तिन्ही डबे रचल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत दोन बोटं तरी अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर डाळीचा फेस थेट शिट्टीच्या नळीत जातो.

आतल्या झाकणाचा कुकर मजबूत असतो, पण त्याचं तोंड आत वळलेलं असल्यामुळे डबे अरुंद घ्यावे लागतात आणि गरम डबा सांडशीने तिरका करून काढावा लागतो. रोज डबे लावणाऱ्या घराला बाहेरचं झाकण सोयीचं. हंडीच्या आकाराचा कुकर दिसायला देखणा आणि थेट आमटी-रश्शाला उत्तम, डब्यांना मात्र निरुपयोगी. शेगडी इंडक्शनची असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, त्यासाठी खास बुडाचा घ्या.

आता लावायची रीत. जाळी ठेवा, तळाला दोन वाट्या पाणी घाला, पाण्यात चिंचेचं बोटूक किंवा लिंबाची साल टाका म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आतून काळं पडत नाही. सर्वांत खाली डाळ: दीड वाटी तूरडाळ, तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, अर्धा चमचा तेल. डाळ अर्धा तास भिजली तर उत्तम. टोमॅटो, चिंच, आमसूल आता नको, आंबटाने डाळ शिजायला वेळ लागतो. मधे भात. वर पाच मध्यम बटाटे सालासकट, किंवा दोन बीट आणि लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी. फ्लॉवर, दुधी यात घालू नका, तेवढ्या वेळात त्यांचा लगदा होतो.

भाताच्या डब्यावर ताटली ठेवायला विसरू नका. झाकणाला आणि वरच्या डब्याच्या बुडाला वाफ थंडावून थेंब धरतात, ते भातात ठिबकतात. मग वरचा थर पाणचट, मधे खळगा आणि कडेला मोकळी शितं असा भात निघतो, आणि दोष तांदळाला दिला जातो. ताटली ठेवली की पाण्याचं माप खरं ठरतं: जुन्या कोलमला दुपटीहून किंचित जास्त, नव्या इंद्रायणीला दुपटीहून थोडं कमी.

शिट्ट्या मोजायची सवय सोडली तर बरं. शिट्टी किती वेळात होते हे आच, पाणी आणि कुकरचा आकार यांवर ठरतं, म्हणून शेजारच्या घरातल्या तीन शिट्ट्या आपल्याकडे लागू पडतीलच असं नाही. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की आत पूर्ण दाब आला, पाणी आता १०० नव्हे तर सुमारे १२० अंशांवर आहे. तिथून आच बारीक करून आठ ते दहा मिनिटं मोजा आणि गॅस बंद करा. वाफ आपोआप जिरू द्या. या १०-१५ मिनिटांत डाळ फुकट शिजत असते. घाईने शिट्टी उचलली की डाळ उसळून नळी तुंबते आणि भाताचं शीत कच्चं राहतं.

पैसे खरे वाचतात ते एका कुकरमधून दोन दिवस काढले तर. दीड वाटी डाळीपैकी निम्मी फोडणी न देता, मीठ न घालता घोटून गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. चौघांना एका वेळेला पाऊण वाटी डाळ पुरते. सोमवारी साधं वरण-भात आणि बटाट्याची भाजी, मंगळवारी त्याच वरणाची गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून आमटी. तूर महाग झाली की निम्मी मसूर मिसळा. मसूर सहसा स्वस्त पडते, लवकर शिजते आणि आमटीत फरक जाणवत नाही. साध्या वरणात मात्र जाणवतो, तिथे तूरच हवी.

बुधवारी मटकी. दोन वाट्या मटकी सोमवारी रात्री भिजवून मंगळवारी सकाळी फडक्यात बांधली की उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस जातो. मोडाची मटकी कढईतच शिजवा, कुकरमध्ये तिचं पीठ होतं. कांदा-सुकं खोबरं भाजून पाणी न घालता केलेलं वाटण चार दिवस टिकतं, तेच उसळीला, तेच पुढे छोल्यांना. गुरुवारी पुन्हा तीन डबे. शुक्रवारी रात्रभर भिजवलेले छोले डबे न लावता थेट कुकरात. इथे बरेच जण चुकतात: छोल्यांना दाबाखाली २० मिनिटं लागतात, भाताला त्याच्या निम्मी, म्हणून एकत्र लावले की भाताची खीर होते. एका कुकरात एकाच वेळी शिजणाऱ्या गोष्टीच ठेवायच्या, आठवड्याचा बेतही त्याच हिशेबाने आखायचा. शनिवारी एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी: मऊ खिचडी, पापड, ताक. उरलेला भात तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला तरच सकाळी फोडणीला घ्या, रात्रभर ओट्यावर राहिलेला नको.

उणिवाही आहेत. तीन डबे भरलेला कुकर पूर्ण दाबावर यायला रिकाम्या कुकरपेक्षा बराच वेळ घेतो. लावल्यापासून उघडेपर्यंत ४० मिनिटं धरा. तोवर कणीक भिजवून पोळ्या होतात, पण दहा मिनिटांत जेवण हवं असणाऱ्याचं हे काम नाही. डबे घासायला वाढतात. सहा-सात माणसांच्या घराला पाच लिटर अपुरा पडतो, त्यांनी थेट साडेसहा किंवा साडेसातचा बघावा. दोघांना तीन लिटर आणि दोन डबे पुष्कळ झाले.

कडेने वाफ गळायला लागली तर आधी रिंग काढून धुवा, कडेला डाळीची खळ वाळून बसलेली असते. धुऊनही गळत असेल तर रिंग कडक झाली, बदला. काही मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय त्या दिवसापुरता. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणजे बहुधा तळाचं पाणी संपलं किंवा नळी तुंबली. नळीतून रोज उजेडाकडे धरून आरपार बघा, दोन सेकंदांचं काम आहे. व्हॉल्व्ह आणि रिंग त्याच कंपनीचे घ्या, रस्त्यावर मिळणारी 'सगळ्यांना बसणारी' रिंग नको. आणि कुकर घेताना बुडावर किंवा खोक्यावर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस २३४७ हा क्रमांक आहे ना, ते पाहूनच पैसे द्या.