लॅपटॉपचा चांगला पॅनल असा गेला

आचऱ्याला घरीच माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटकांची पोस्टरं. लॅपटॉप २०१७ सालचा. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याच्या स्क्रीनवर डाव्या अंगाला उभ्या गुलाबी-हिरव्या रेषा यायला लागल्या. झाकण थोडं मागे ढकललं की जायच्या, पुढे घेतलं की परत हजर. दोन आठवडे मी झाकणाला मागून उशीचा टेकू लावून काम रेटलं.

झाकणाची ही गोष्ट लक्षात ठेवा. बिघाड कुठे आहे ते तिनेच सांगितलं होतं. मला ते कळलं नाही, आणि ज्याला कळत होतं त्याने सांगितलं नाही.

जत्रेची सहा पोस्टरं अंगावर होती म्हणून बाजारपेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानदार मालवणीत बोलणारा, आपल्यातलाच वाटला. त्याने लॅपटॉपला एचडीएमआयची वायर लावून दुकानातल्या टीव्हीला जोडली. टीव्हीवर चित्र स्वच्छ. म्हणाला, "बघा ताई, टीव्हीर बरा दिसता, म्हणजे मशीन बरा आसा. पॅनल गेलो तुमचो. नवो घालूक लागतलो."

चाचणी खरी होती. बाहेरच्या स्क्रीनवर चित्र नीट असेल तर मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) आणि ग्राफिक्स बहुधा ठीक, दोष बहुधा झाकणात, इथपर्यंत बरोबर. पण झाकणात दोन गोष्टी असतात. एक पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, आणि दुसरी मदरबोर्डापासून बिजागरीतून वर येणारी बारीक डिस्प्ले केबल. झाकण रोज उघडून-मिटून ही केबल बिजागरीपाशी झिजते. शिवाय आमच्यासारखं घर समुद्राला लागून असलं तर खाऱ्या, दमट हवेने कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात. झाकण हलवल्यावर ज्या रेषा येतात-जातात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा केबलीत असतं. पॅनलच गेलेला असेल तर रेषा सहसा ठाण मांडून बसतात, झाकण कसंही ठेवा. दुकानदाराने खरी चाचणी दाखवून अर्धाच निष्कर्ष सांगितला. ती चाचणी डोळ्यांनी पाहिली म्हणूनच मी विश्वास ठेवला.

लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला. पासवर्डही मागितला, मी दिला. स्क्रीन तपासायला त्याची काही गरज नसते. चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, गेलं तरी रेषा आहेत की नाहीत ते दिसतं, आणि तिथेही दिसल्या तर दोष विंडोजचा नाही हेही कळतं. ७,२०० रुपये घेतले. हातात एक चिठ्ठी दिली, 'डिस्प्ले ७२००', बाकी काही नाही. जुना पॅनल मी मागितला नाही. बिघडलेली वस्तू घेऊन काय करायची, असं वाटलं.

रेषा गेल्या होत्या. मी खूश. मग एके दिवशी नाटक कंपनीचे एक काका पोस्टर बघायला आले, माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, ह्यो लाल इतको फिको कित्याक?" मी बसल्या जागेवरून पाहत होते, मला ठीक दिसत होता. उभी राहिले तर खरंच धुतल्यासारखा. आधी हा स्क्रीन कुठूनही पाहिला तरी रंग तसाच दिसायचा. अक्षरंही जाड वाटत होती, टूलबार अर्धा बाहेर जात होता. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडून पाहिलं तर शिफारस केलेलं रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांची संख्या, १३६६ × ७६८. माझ्या २०१७ च्या बिलावर फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० स्पष्ट छापलेलं आहे. पोटात गोळा आला.

महिन्याभराने रेषाही परत आल्या.

मग कुडाळला एका दुसऱ्या कारागिराकडे नेला. त्याने माझ्यासमोरच उघडला. आधी बॅटरीची वायर काढली, कारण वीज चालू असताना केबल काढ-घाल केली तर बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या उजेडाचा) फ्यूज उडू शकतो. पॅनलच्या पाठीवर मॉडेल नंबराचं स्टिकर असतं, त्यावरून तो किती रिझोल्यूशनचा ते समजतं. माझ्यातला साध्या एचडीचा निघाला, आणि स्टिकरवरचं साल २०१५, लॅपटॉपहूनही जुनं. केबल मात्र माझी मूळचीच होती, बिजागरीपाशी वरचं वेष्टण फाटून आतल्या तारा उघड्या पडलेल्या. पहिल्याने ती नुसती सरळ करून बसवली असणार. नवी केबल १,१०० रुपयांत बसली, आणि रेषा थांबल्या. म्हणजे माझा पॅनल धड होता. तो काढून घेतला, त्या जागी वापरलेला हलका घातला, वर माझ्याकडूनच पैसे घेतले.

पहिल्या दुकानात परत गेले तर उत्तर मिळालं, "जुनो भंगारात गेलो." चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, नंबर नाही. पैसे गुगल पेवर दिले होते, तेवढाच काय तो पुरावा.

१९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथाच आहे. हे मला आधी माहीत असतं तर ती चिठ्ठी मी घेतलीच नसती.

तुमचा लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा असेल तर देण्याआधी सेटिंग्जमधल्या रिझोल्यूशनचा फोटो काढा. झाकण हलवून रेषा बदलतात का त्याचा व्हिडिओ घ्या आणि दुकानदाराला दाखवूनच विचारा, "केबल तपासलीत का?" नवा पॅनल टाकलाच तर बसवण्याआधी पाठीवरच्या स्टिकरचा फोटो घ्या, तोच नंबर बिलावर लिहून घ्या, आणि काढलेला पॅनल घरी आणा, फुटका असला तरी.

नव्या फुल एचडी पॅनलचे पैसे सध्या नाहीत, त्यामुळे अजून तोच फिका स्क्रीन आहे. पोस्टर झालं की फोनवर पाठवते, तिथे लाल रंग बघते, आणि मगच छापायला देते.