आयएसडी 1820 ब्रेडबोर्डवर: नळ आल्याची वर्दी देणारं सर्किट, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. आयएसडी 1820 ही आवाज साठवणारी चिप पैसे वसूल आहे. ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता पाय भोकांत खोचून सर्किट जुळवायचा बोर्ड, तिच्यासाठी शिकायला आणि जुळवाजुळव करायला ठीक, कायमचा मुक्काम करायला नाही. मला आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक बोर्डाच्या, वायरींच्या आणि सप्लायच्या होत्या. चिपची एकही नव्हती.

काम साधं होतं. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढून येतं, पण आमच्या गल्लीत एक दिवसाआड, आणि तेही भल्या पहाटे. खालच्या हौदात धार सुरू झाली की कुणीतरी उठून मोटर लावायची, नाहीतर गच्चीवरची टाकी दोन दिवस कोरडी. बझर लावला असता तर कुणी लक्षच दिलं नसतं. आईचा आवाज मात्र या घरात कुणी टाळत नाही. म्हणून तिच्याच आवाजात भरलं: "उठा रे, नळ आलाय, मोटर लावा."

जेल रोडवरचा दुकानदार म्हणाला, "भिया, बना-बनाया मॉड्यूल ले जाओ, काहे को आयसी ढूंढ रहे हो." घाईच्या माणसाने त्याचं ऐकावं. मला मात्र आत काय चाललंय ते बघायचं होतं, म्हणून सुटी चिप, इलेक्ट्रेट माइक, आठ ओहमचा अर्ध्या वॅटचा स्पीकर आणि मोठा ब्रेडबोर्ड घेतला.

चौदा पायांची ही चिप आवाज आकड्यांत बदलून ठेवत नाही. आवाजाच्या क्षणाक्षणाला घेतलेल्या नमुन्याची पातळी आहे तशीच ॲनालॉग स्वरूपात स्मृतीत ठेवते, आणि वीज गेली तरी ती जात नाही. सेल बदलताना रेकॉर्डिंग उडेल ही भीती सोडून द्या. किती सेकंद भरायचे ते एका रेझिस्टरवर (करंटला अडवणाऱ्या भागावर) ठरतं: 100 किलोओहम लावला तर दहा सेकंद, 200 लावला तर वीस. पण वीस सेकंदांचा लोभ धरू नका. नमुने कमी पडतात आणि 1.3 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं, त्यामुळे माणूस तोंडावर उशी धरून बोलल्यासारखा वाटतो. 80 किलोओहमवर आठच सेकंद मिळतात, पण आवाज ओळखू येतो. वाक्य छोटं करा, रेझिस्टर मोठा करू नका. शिवाय भरताना एक आणि ऐकताना दुसरा रेझिस्टर असेल तर आवाज जाडा किंवा चिरका होतो. काही न बदलता आवाज मध्येच डगमगायला लागला तर त्या रेझिस्टरचा पाय भोकात सैल बसलाय असं समजा.

आता खरी डोकेदुखी, घरघर. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये आईपेक्षा घूं-घूंच जास्त होती. इथे बरेच जण लगेच कपॅसिटर बदलत सुटतात. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: घरघर भरताना आत गेली की वाजवताना येतेय? मोबाइल चार्जरवर भरा आणि तीन पेन्सिल सेलवर, म्हणजे साडेचार व्होल्टवर ऐका. मग उलट करा, सेलवर भरा आणि चार्जरवर ऐका. माझ्याकडे पहिल्या प्रकारात घरघर तशीच राहिली, दुसऱ्यात जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे खोट माइकच्या बाजूला. कारण उघड आहे: माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, आणि बोर्डावर त्याच्या वाट्याला आलेल्या वितभर लांब वायरी घरातला 50 हर्ट्झचा गुंजारव अँटेनासारख्या गोळा करतात. माइक चिपच्या पायांना चिकटून आणला, माइकच्या सप्लायला वेगळा रेझिस्टर-कपॅसिटर दिला, चिपच्या व्हीसीसी, म्हणजे सप्लायच्या धन पायालगत 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर खोचला, आणि माइक व स्पीकरच्या ग्राउंडच्या वायरी वेगवेगळ्या नेऊन सेलच्या ऋण टोकालाच जोडल्या. घरघर गेली. भरायचं काम मी आजही सेलवरच करतो.

एफटी नावाचा पाय या तपासणीत फार उपयोगी पडतो. तो हाय केला, म्हणजे सप्लायच्या धन टोकाला जोडला, की माइकचा आवाज रेकॉर्ड न होता थेट स्पीकरवर येतो, त्यामुळे वायर हलवत हलवत दोष कानांनी शोधता येतो. फक्त स्पीकर लांब वायरने दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर अशी शिट्टी बसते की शेजारी दार वाजवतात.

दुसरा छळ म्हणजे वाक्य मध्येच तुटणं. "उठा रे, नळ..." आणि शांतता. मल्टीमीटर सप्लायच्या टोकाला लावाल तर सगळं आलबेल दिसेल. तो चिपच्या पायावर लावा, आणि स्पीकर बोलत असताना बघा. मोठ्या ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या पुष्कळदा मधोमध तुटक असतात, तिथे जंपर, म्हणजे जोडणारी छोटी तार, टाकावा लागतो. माझा जंपर होता, पण ढिला: जोराच्या अक्षराला करंट वाढला की व्होल्टेज कोसळायचं. स्पीकरची अनेक बारीक धाग्यांची तार तर भोकात कधीच नीट बसत नाही, तिला पिनचा तुकडा सोल्डर करा. नऊ व्होल्टची बॅटरी थेट लावायचा विचारही नको, ही चिप पाच व्होल्टच्या आसपासची आहे. आणि वाक्य संपल्यावर रेकॉर्डिंगचा एलईडी क्षणभर लुकलुकला तर घाबरू नका, संदेश संपला हे चिप तसंच सांगते.

हौदात स्टीलचे दोन स्क्रू आणि एक बीसी547 ट्रान्झिस्टर, एवढाच सेन्सर. त्याचं टोक सुरुवातीला प्लेएल पायाला होतं. तो पाय हाय असेपर्यंतच वाजतो, त्यामुळे पाणी हिंदकळलं की "उठा... उठा... उठा रे... उठा" असा तमाशा व्हायचा. टोक प्लेई पायाला नेलं आणि प्रश्न मिटला. तिथे एकदा चालना मिळाली की वाक्य पूर्ण होतंच. स्क्रूंच्या आधी तांब्याच्या तारा होत्या. काही आठवड्यांत त्यांच्यावर हिरवी पुटं चढली आणि सेन्सर बहिरा झाला.

एका पहाटे स्पीकरमधून आईऐवजी "हॅलो, हॅलो, मी स्पायडरमॅन" आलं. वरच्या काकूंच्या नातवाने बटण दाबलं होतं. रेकॉर्डचा पाय बाकी सगळ्यांच्या वरचढ असतो, प्ले चालू असलं तरी तो मध्ये घुसतो. आई म्हणाली, "राहू दे की, छान बोलतोय." तरी मी नवं भरून बटणच काढून टाकलं आणि तो पाय ग्राउंडला बांधला.

पावसाळा सुरू झाल्यावर ब्रेडबोर्डने हात टेकले. हौदाजवळच्या ओलीने आतल्या पट्ट्या काळवंडल्या, रोज एखादा पाय दाबून बसवावा लागे. शेवटी झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं असलेल्या कोऱ्या बोर्डावर, सगळं सोल्डर केलं, चिपखाली सॉकेट ठेवून. तेव्हापासून उघडावं लागलेलं नाही.

एक उणीव राहते, ती आवाजाच्या जोराची. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं, गच्चीवरच्या खोलीत नाही. तिथे एलएम386 ही आवाज मोठा करणारी चिप लावतोय. ज्यांना तसं करायचंय त्यांनी स्पीकरच्या दोन पायांपैकी कुठलाही ग्राउंडला जोडू नये. एका पायावरून कपॅसिटरमार्गे सिग्नल घ्यायचा, दुसरा मोकळा सोडायचा.