‘सिलेक्ट झालास, आता फाइल चार्ज भर’

क्रूझ बोटीवर नोकरी लावतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांचा इंटरव्ह्यू साधारण असा असतो. पणजीत किंवा म्हापशात एखाद्या हॉटेलचा छोटा हॉल दिवसभरासाठी घेतलेला. बाहेर पांढरे शर्ट घातलेली पोरं, हातात सर्टिफिकेटांचं फोल्डर. कुणी पेडण्याहून पहिली कदंबा बस पकडून आलेला, कुणी वाळपईहून. आत टेबलापलीकडे टाय लावलेला एक जण आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ‘क्लायंट’. प्रश्न तीनच: स्वतःबद्दल सांग, बोटीवर का जायचंय, नऊ महिने घर सोडून राहशील का. दहाव्या मिनिटाला हात मिळवून ‘सिलेक्ट झालास’. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर लेटर येतं आणि त्याच्या खालोखाल क्यूआर कोड.

पैसे भरले तिथे फसलो, असं बहुतेकांना वाटतं. पण खोट त्या दहा मिनिटांतच उघडी पडलेली असते. ज्याने इंटरव्ह्यूची नीट तयारी केली आहे त्याला ती दिसते, कारण आपल्याला जे विचारायला हवं होतं त्यातलं काहीच विचारलं नाही हे त्याच्या लक्षात येतं.

खऱ्या भरतीत एजन्सीची चाळणी, इंग्रजीची परीक्षा, कामाचे प्रश्न आणि शेवटी कंपनीच्या माणसाचा इंटरव्ह्यू असे टप्पे असतात, आणि टप्प्याटप्प्यांत दिवस नव्हे, आठवडे जातात. प्रश्नही गुळमुळीत नसतात. असिस्टंट कुकला पाच मदर सॉस, म्हणजे बाकीचे सॉस ज्यांच्यापासून बनतात ते, विचारणार हे सगळ्यांना माहीत आहे, नावं पाठ असतात. पुढचा प्रश्न येतो: होलांडेज, म्हणजे अंड्याचा बलक आणि लोण्याचा सॉस, फुटला तर काय करशील? इथे पाठांतरवाला अडकतो. (आच जास्त झाली किंवा लोणी घाईने ओतलं की तो फुटतो. स्वच्छ भांड्यात नवा बलक चमचाभर कोमट पाण्याबरोबर फेटायचा आणि फुटलेला सॉस थेंबाथेंबाने त्यात घालत जायचा.) मग तापमानं. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या क्रूझ बोटींची तिथलं आरोग्य खातं अचानक तपासणी करतं. बोटीवरचे लोक तिला ‘यूएसपीएच’ म्हणतात. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले की बोट नापास. म्हणून थंड पदार्थ ५ अंशांवर किंवा त्याखाली आणि गरम पदार्थ ५७ अंशांवर किंवा त्याच्या वर, हे उत्तर न अडखळता यावं लागतं.

युटिलिटीच्या, म्हणजे भांडी-साफसफाईच्या, जागेला अनुभव लागत नाही म्हणून कुणी तयारीच करत नाही. तिथे तीन बादल्या विचारतात: लाल साबणाच्या पाण्याची, करडी खळबळायच्या पाण्याची, पांढरी सॅनिटायझरची. हा क्रम का, हेही विचारतात. साबण किंवा खरकटं राहिलं तर सॅनिटायझरचा जोर जातो, म्हणून मधली बादली चुकवायची नाही. वेटरला समोर पाहुणा बसलाय असं धरून विचारतील: मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, या सॉसमध्ये आहेत का? ‘नसावेत, सर’ म्हणणारा तिथेच बाद होतो. अंदाज करायचा नाही, किचनला विचारून येतो म्हणायचं. आणि कुठलीही जागा असो, सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे काय, हा प्रश्न अधूनमधून येतोच. तो आणीबाणीचा इशारा. लाइफजॅकेट घेऊन आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं.

यातलं काहीही न विचारता ‘सिलेक्ट’ म्हणणाऱ्याला तुमच्या कामाशी कर्तव्य नसतं. त्याला तुमचं घर किती पैसे उभे करू शकेल ते बघायचं असतं. म्हणूनच तो वडील काय करतात, भाऊ कुठे आहे, पैशांची सोय कशी करणार हे फार आपुलकीने विचारतो.

मागणी एकदम मोठी नसते. आधी हजार-दोन हजार रजिस्ट्रेशन, मग मेडिकल, मग व्हिसा, मग ‘रिफंडेबल’ डिपॉझिट. प्रत्येक वेळी आधी भरलेले पैसे बुडतील ही भीती पुढचे पैसे काढायला लावते. तारीखही हेरून देतात: चवथीआधी जॉयनिंग, सीट दोनच. आईच्या पाटल्या पतपेढीत जातात त्या याच आठवड्यात.

नियम मात्र स्वच्छ आहे. खलाशांच्या कामासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार, एमएलसी २००६, भारताने २०१५ साली स्वीकारला. त्यात हॉटेल विभागातले वेटर, कुक, हाउसकीपिंगवालेही येतात. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. त्याने सोसायचा खर्च म्हणजे पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि ठरलेलं मेडिकल सर्टिफिकेट. व्हिसाचा खर्चही मालकाचा, हे करारातच लिहिलेलं आहे. म्हणजे ‘व्हिसा फी’ हा शब्द आला की पुढे ऐकायची गरज नाही. एसटीसीडब्ल्यूच्या, म्हणजे बोटीवरच्या सुरक्षेच्या, कोर्सची फी स्वतः भरावी लागते, पण ती मान्यताप्राप्त इन्स्टिट्यूटच्या खात्यात, पावती घेऊन. ‘तू येऊ नको, सर्टिफिकेट घरपोच देतो’ म्हणणारा तर उघड खोटा. त्या कोर्समध्ये लाइफजॅकेट घालून पाण्यात उडी मारावी लागते, उलटलेला लाइफराफ्ट सरळ करावा लागतो, आग प्रत्यक्ष विझवावी लागते. घरी बसून यातलं काय होणार?

गल्फमधल्या हॉटेलच्या नोकरीचा कायदा वेगळा आहे. तिथे परवानाधारक रिक्रूटिंग एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, पावती देऊन. हा आकडा खरा आहे, म्हणून तो ऐकवून कुणी बोटीसाठी तीस हजार मागितले तर गोंधळू नका.

आता ते ऑफर लेटर. मोबाइलवर न बघता मोठ्या पडद्यावर उघडा. लोगोच्या कडा फाटलेल्या दिसतात, कारण तो वेबसाइटवरून उचललेला असतो. पदाच्या जागी ‘हॉटेल स्टाफ’ असं मोघम लिहिलेलं. कोणती बोट आणि कोणत्या बंदरात चढायचं हे नाही, पगार गोल डॉलरात, आणि ईमेल कंपनीच्या नावाचा पण शेवटी जीमेल. विश्रांतीच्या तासांचा उल्लेखही नसतो. एमएलसीप्रमाणे २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते. बोटीवरच्या खऱ्या करारात कामाचे आणि विश्रांतीचे तास सहसा लिहिलेले असतात. उलट खोट्या पत्रावर शिक्के भरपूर, एकावर एक मारलेले. शिक्का जितका मोठा तितका आपल्याकडे विश्वास जास्त, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

तपासायला अर्धा तास पुरतो. बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल हा भरतीचा परवाना लागतो. त्यांनी पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. डीजी शिपिंगच्या साइटवरच्या यादीत नंबर शोधा, नाव आणि पत्ता तोच आहे का, परवाना चालू आहे की निलंबित, ते बघा. मग त्या यादीतल्या फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नव्हे, फोन करून विचारा की पणजीत त्या तारखेला तुमचा इंटरव्ह्यू होता का. खऱ्या एजन्सीचं नाव चोरून हॉल घेणारे बरेच असतात, म्हणून हा फोन टाळू नका. परवाना खरा निघाला तरी पैशांचा नियम बदलत नाही. आणि हॉलमध्ये मूळ पासपोर्ट दाखवून लगेच परत घ्या. ‘फाइलला लागतो’ म्हणून ठेवून घेतलेला पासपोर्ट पुढे परत मिळवण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ती गोठवता येते, त्यामुळे लाजेखातर घालवलेले दोन दिवस महागात पडतात. हाताशी यूपीआयचा बारा अंकी यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, तारीख, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. गोव्यात सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, ऑफर लेटरचा स्क्रीनशॉट नव्हे तर मूळ पीडीएफ जपा. रोख दिले असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा; सोबत दोन-तीन जण असतील तर प्रत्येकाने आपली रक्कम, तारीख आणि कुणाच्या हातात दिली ते वेगवेगळं लिहून द्यावं.

काही दिवसांनी एखादा फोन येईल: तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, आधी फक्त दहा टक्के भरा. तो नंबरही त्याच तक्रारीला जोडा.