दक्षिण लुआंग्वा, झांबिया: पायी सफारी

तीस वर्षं ताडोबात जाते आहे, पण जंगलाच्या मातीला पाय लावायला मिळाला तो झांबियातल्या दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात. आपल्याकडे जिप्सीतून उतरायचं नाही हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. तिथे मात्र चालणं हीच सफारी. सप्टेंबरमध्ये चार दिवस चालले.

मुंबईहून आदिस अबाबामार्गे लुसाका आणि तिथून छोट्या विमानाने म्फुवे. पुढे नदीकाठचा कॅम्प जीपने गाठायचा. गवत आणि बांबूच्या सहा झोपड्या, दर वर्षी पावसाआधी उतरवून पाऊस संपल्यावर पुन्हा उभारतात.

पहाटे सहाला निघायचं. पुढे रायफल घेतलेला स्काउट, मागे गाईड, मग आम्ही चौघं एका रांगेत आणि शेवटी चहाचं सामान घेतलेला मुलगा. गाईडने हात वर केला की जागच्या जागी थांबायचं, बोलायचं नाही. त्याच्या हातात राखेची पुरचुंडी असे. दर थोड्या वेळाने ती झटकून तो वारा बघायचा. दुसऱ्या दिवशी राख सरळ हत्तींच्या दिशेने गेली. त्याने आम्हाला मागे फिरवलं, अर्धा तास वळसा घातला आणि एका वारुळाआड बसवलं. पिल्लांसकट कळप पाणी प्यायला, मातीत लोळला, निघून गेला. आमचा वास त्यांना लागलाच नाही. त्या अर्ध्या तासासाठी मी या गाईडला पैकीच्या पैकी गुण देते.

चाळीस सिंह बघायचे असतील तर पायी जाऊ नका. पायी गेल्यावर जमीन वाचता येते. पाणघोड्यांच्या पावलांचे खड्डे काळ्या मातीत वाळून दगडासारखे होतात, आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यातल्या शेतासारखेच. घोट्यावर येणारे बूट घालाच. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. चिंच मूळची आफ्रिकेतली, हे वर्गात किती वेळा सांगितलं असेल. तिथे नदीकाठी जंगली चिंचेखाली बसून चहा प्यायले. शेजारी आबनूसची गर्द राई होती. तोही आपल्या तेंदूच्याच गोतातला. गाईडला ते सांगितलं तर त्याने वहीत लिहून घेतलं.

सप्टेंबर निवडला तो वेडा राघू या पक्ष्यासाठी. लुआंग्वा नदीच्या उभ्या मातीच्या काठात किरमिजी वेड्या राघूंची शेकडो बिळं असतात. काठ लाल दिसतो. थॉर्निक्रॉफ्ट जिराफ तर या खोऱ्याबाहेर जंगलात कुठेच नाही. गेंडा मात्र शिकाऱ्यांनी या उद्यानातून संपवला, हे गाईडने स्वतःहून सांगितलं. 1950 मध्ये नॉर्मन कार या वन्यजीव अधिकाऱ्याने न्सेफू या स्थानिक जमातप्रमुखांच्या जमिनीवर पाहुण्यांसाठी कॅम्प उघडला आणि उत्पन्न गावाला दिलं, त्याची गोष्टही त्यानेच सांगितली. पायी सफारीची सुरुवातही कारनेच केली.

तक्रार एकच, आमच्या एजंटची. आम्ही दोघी शाकाहारी, हे त्याने कॅम्पला कळवलंच नव्हतं. पहिल्या रात्री फक्त भात आणि टोमॅटो मिळाला. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक्याने मक्याच्या पिठाची न्शिमा आणि भोपळ्याच्या पानांची भाजी केली, तीही दाण्याचं कूट घालून! मी दोनदा वाढून घेतली.

खर्च भरपूर आहे, दर डॉलरमध्ये. राहणं, जेवण, सकाळचं चालणं आणि रात्रीची जीप त्यात येतं. पार्कचं शुल्क त्यात आहे का ते आधी विचारा. निळे-काळे कपडे नेऊ नका, त्से त्से माशी त्यांवर झेपावते. पिवळ्या तापाची लस आणि मलेरियाच्या गोळ्या यांबद्दल निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. छोट्या विमानात मऊ पिशवीच चालते. ऑक्टोबरमध्ये प्राणी आणखी जमतात, पण ऊन चंद्रपूरच्या मे महिन्यासारखं असतं. पायी चालायचं तर जून ते सप्टेंबर, आणि किमान तीन सकाळी हव्यात. पहिल्या सकाळी माझी नजर फक्त स्वतःच्या पायांवरच होती.