बर्फाच्या ग्रहावर एक वास्तववादी वाचक

उर्सुला ल ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही १९६९ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी विज्ञानकथांच्या कप्प्यात ठेवली जाते. मात्र ज्यांनी त्या कप्प्याकडे आजवर पाठ फिरवली आहे, अशा वाचकांनाच ती अधिक रुचेल, असे माझे मत झाले आहे. मी त्यांपैकीच एक आहे. चरित्रे, आत्मकथने, खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या कादंबऱ्या आणि इरावतीबाई कर्वे यांचे सारे लेखन हा माझा नेहमीचा खुराक. धरमपेठेतल्या आमच्या वाचक मंडळात पुस्तक सुचवण्याची पाळी फिरती असते. मे महिन्यात ती भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेकडे गेली आणि त्यांच्या आग्रहामुळेच हे पुस्तक हाती आले. एरवी मी ते विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

कथानक असे : गेथेन नावाचा एक ग्रह कायम हिमयुगात अडकलेला आहे. अनेक ग्रहांच्या एका संघाचा दूत म्हणून गेन्ली आय हा पृथ्वीवरचा तरुण तिथे एकटाच येतो आणि गेथेनवासीयांनी त्या संघात सामील व्हावे यासाठी खटपट करतो. तिथली माणसे ना स्त्री असतात ना पुरुष. महिन्यातले बहुतेक दिवस ती लिंगभेदाविना वावरतात आणि केमर नावाच्या मोजक्या दिवसांत त्यांच्यापैकी कोणीही स्त्री किंवा पुरुष होऊ शकते. त्यामुळे एकच व्यक्ती एका मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकते. ही कल्पना चमत्कृती म्हणून सोडून न देता लेखिका तिचे परिणाम चिकाटीने तपासते. बाळंतपण कोणाच्याही वाट्याला येऊ शकत असेल तर कामाची वाटणी कशी होईल, दरबारी राजकारणाला कोणते वळण लागेल, या ग्रहावर कधी युद्धच का झाले नाही, असे प्रश्न ती एकेक करून पुढे आणते आणि त्यांची उत्तरे अर्धवट ठेवण्याचे धैर्यही दाखवते.

माझ्यासारख्या वाचकाला पुस्तकात शिरायला वाट मिळते ती इथेच. ल ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ होते आणि त्या घरातले संस्कार पानोपानी जाणवतात. दूताचा अहवाल, मध्येच एखादी लोककथा, आधीच्या निरीक्षकाची टिपणे, एका परागंदा पंतप्रधानाची रोजनिशी अशा कागदपत्रांतून हा ग्रह उभा राहतो. यंत्रांचे कौतुक जवळजवळ नाही. तिथली वाहने अधिक वेगाने धावू शकत असूनही लोक ती संथच चालवतात, कारण कोणालाच घाई नसते. चालू वर्ष हे नेहमीच पहिले वर्ष मानले जाते आणि मागची-पुढची वर्षे त्यापासून मोजली जातात. जेवणाच्या टेबलावर एक छोटेसे अवजार ठेवलेले असते. दोन घोटांच्या मध्ये पेयावर धरलेला बर्फ त्याने फोडायचा. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत असताना हे वाचण्यात गंमत होती, हे नाकारत नाही. पण एका ओळीत एवढे घर, एवढे हवामान आणि एवढी सवय बसवणारी लेखणी कोणत्याही ऋतूत दाद घेऊन जाईल.

कादंबरीचा उत्तरार्ध तर केवळ थोर आहे. गेन्ली आय आणि तो पंतप्रधान, एस्ट्राव्हेन, असे दोघेच एक घसरगाडी ओढत शेकडो मैलांचे हिमपठार ओलांडतात. शिधा मोजका, तंबू एक, शेगडी एक. तंबूत एकाला ऊब पुरत नाही आणि दुसऱ्याला तीच सोसवत नाही, तेव्हा दोघांनाही मुरड घालावी लागते. कूलरच्या वेगावरून रोज तह करणाऱ्या नागपुरी जोडप्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. पुढे एके ठिकाणी ढगांमुळे प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो, सावल्याच नाहीशा होतात, पुढची भेग दिसेनाशी होते आणि पाऊल उचलण्याची भीती वाटू लागते. चालायला सावलीही लागते, हे त्या दोघांना तिथे उमगते, आणि ‘अंधाराचा डावा हात’ या पुस्तकाच्या नावाचा अर्थ आपल्याला कळतो. परस्परांवरचा संशय हळूहळू गळून पडत जाऊन जडलेली अशी मैत्री मी आमच्या नेहमीच्या वास्तववादी कादंबऱ्यांतही क्वचितच वाचली आहे.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली काही प्रकरणे अनोळखी नावांनी इतकी गच्च भरलेली आहेत की मंडळातल्या दोघांनी तिथेच पुस्तक मिटले, आणि त्यांना दोष देता येत नाही. ऑर्गोरेन या दुसऱ्या राष्ट्राचे, म्हणजे तिथली कागदपत्रे, खबरे आणि सक्तमजुरीच्या छावण्या यांचे चित्रण कारहाइड या एस्ट्राव्हेनच्या देशातल्या राजदरबाराइतके ताजे उतरलेले नाही. मोठा आक्षेप मात्र असा की, स्त्री-पुरुष भेद पुसून टाकणाऱ्या या कथेत माणसे बहुतेक वेळा पुरुषांसारखीच वावरतात. एस्ट्राव्हेन दरबारात, तुरुंगाच्या वाटेवर, बर्फात सर्वत्र भेटतो, पण आई म्हणून, मूल सांभाळताना तो आपल्याला दिसत नाही. ही त्रुटी खुद्द ल ग्विन यांनीही पुढे मान्य केली. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांसाठीचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेल्या कृतीबद्दल असे लिहिणे हा लेखिकेचा मोठेपणाच, तरी त्यामुळे वाचताना भासणारी पोकळी भरून निघत नाही.

इंग्रजी कादंबऱ्या अधूनमधून वाचणाऱ्याला भाषा जड जाणार नाही. वाक्ये स्वच्छ आहेत, अडते ते नावांपाशी. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये लेखिकेची एक प्रस्तावना आहे आणि विज्ञानकथा भविष्य वर्तवत नाही, आजचेच वर्णन करते, असे तिचे म्हणणे आहे. ही प्रस्तावना कादंबरी संपल्यावर वाचावी, कारण आधी वाचल्यास आपण पानोपानी तिचाच पुरावा शोधत बसतो. शेवटी गेथेनच्या महिन्यांची, दिवसांची आणि घटकांची यादी दिलेली आहे. एस्ट्राव्हेनच्या रोजनिशीतल्या तारखा त्याच पद्धतीने येतात, तेव्हा एक खूणकागद आरंभापासूनच त्या पानात घालून ठेवावा.