टिळकवाडीतील इतिहास अभ्यासवर्ग : चार रविवारांचा अनुभव

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेचा ब्रिटनशी व्यापारी जहाजांवरून जो तंटा पेटला, त्यावरील या खासगी अभ्यासवर्गासाठी मी निपाणीहून चार रविवार बेळगावला आलो. शुल्क 400 रुपये होते आणि शिकवण्याच्या मानाने ते मला मुळीच जास्त वाटले नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावर एका काल्पनिक जहाजाची बिल्टी ठेवली. साखर आणि कॉफी मार्टिनिक या फ्रेंच बेटावरची, मालक अमेरिकन, निशाण अमेरिकेचे. ब्रिटिश कप्तान म्हणून हे जहाज धरायचे की सोडायचे? आम्ही बहुतेकांनी ते सोडले. मग सरांनी ब्रिटनचे फ्रान्सशी युद्ध चालू असतानाचा, 6 नोव्हेंबर 1793 चा ब्रिटिश हुकूम समजावून सांगितला. फ्रेंच वसाहतींचा माल नेणारे जहाज धरून आणावे, असा तो हुकूम होता, आणि तो काही आठवडे जाहीरच न केल्यामुळे वेस्ट इंडीजमध्ये सुमारे 250 अमेरिकन जहाजे गाफीलपणे सापडली. दस्तक म्हणजे परवाना नसलेली जहाजे धरणाऱ्या कान्होजी आंग्र्यांना चाचा ठरवणारे हेच इंग्रज, हे सरांनी सांगितले तेव्हा वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही.

ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील 1794 च्या ‘जे’ नावाच्या करारानंतर धरलेल्या जहाजांची नुकसानभरपाई कशी ठरली, हे थोडक्यात झाले. 1805 चा एसेक्स जहाजाचा खटला मात्र उत्तम रंगला. शत्रूदेशाचा माल थेट त्याच्या वसाहतीत नेणे ब्रिटनला मान्य नव्हते; मध्ये अमेरिकेत थांबून प्रवास खंडित झाला तर मात्र चाले. इथे स्पेनमधील बार्सिलोनाचा माल अमेरिकेतील सेलम बंदरात उतरवून, जकात भरून तो पुन्हा हवाना या स्पॅनिश वसाहतीतील बंदराकडे निघाला. पण बहुतेक जकात परत मिळणार असल्याने प्रवास खंडित झालाच नाही, असे ब्रिटिश न्यायालयाने ठरवले. हा मुद्दा आमच्यातल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने सर्वांत आधी ओळखला.

तक्रार शेवटच्या रविवारची आहे. खलाशांची जबरभरती, म्हणजे अमेरिकन जहाजांवरचे खलाशी बळजबरीने ब्रिटिश नौदलात ओढणे, हा माझ्या मते या तंट्याचा सर्वांत वेदनादायक भाग. तरी 22 जून 1807 रोजी लेपर्ड या ब्रिटिश युद्धनौकेने चेसापीक या अमेरिकन युद्धनौकेवर तोफा डागून 4 खलाशी ओढून नेले, ही घटना दहा मिनिटांत उरकली. जून 1812 मध्ये अमेरिका ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारत असतानाच लंडनमध्ये अमेरिकन व्यापाराला जाचक ठरलेले हुकूम मागे घेतले जात होते आणि ती बातमी समुद्र ओलांडेपर्यंत उशीर झाला, हे तर मला वर्ग संपल्यावर थांबून विचारावे लागले. नकाशांच्या झेरॉक्स इतक्या पुसट होत्या की मार्टिनिक आणि ग्वादेलूप ही दोन फ्रेंच बेटे वेगळी ओळखता येत नव्हती.

नकाशे सुधारले आणि जबरभरतीसाठी पाचवा रविवार जोडला, तर मी पुन्हा शुल्क भरून येईन.