बागकामाची जाहिरात: गूगलवरची नोंद बरी की फाटकावरची पाटी?

पुण्यात वारज्याला राहतो, पण माझं दुकान नाही. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिच्यात एक लॉन मोअर, फिरत्या दोरीने गवत कापणारे दोन ब्रश कटर, कात्र्या, फवारणीचा पंप. बाहेर एक जुना टेम्पो. माझ्यासकट पाच माणसं कोथरूड, कर्वेनगर, बावधन या पट्ट्यातल्या बागा सांभाळतो. मधूनमधून एखादं नवं लॉन टाकायचं काम मिळतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं या बेताच्या धंद्यातून बघितलेलं आहे. तुम्ही बिल्डरांची कामं घेत असाल तर तुमचं गणित निराळं.

गिऱ्हाईक मिळवायला थोड्या पैशात होण्यासारखं जवळजवळ सगळं मी करून पाहिलं. खरी निवड शेवटी दोन गोष्टींत उरली. बाकीच्यांचं आधी उरकतो.

पेपरात पत्रकं टाकणं अगदीच वाया जातं असं नाही. बंगल्यात राहणारी पिढी अजून कागदावरचा पेपर वाचते, आणि बाग असते ती त्यांच्याकडेच. पण रविवारी क्लासवाला, गादीवाला आणि पाण्याच्या फिल्टरवाला यांच्या पत्रकांबरोबर तुमचंही खाली पडतं आणि थेट रद्दीत जातं. पहिल्या खेपेला मी पाच हजार टाकली. फोन आले अकरा, त्यातल्या दोघांना घरकामाला बाई हवी होती. दुसऱ्या खेपेला निम्मीच छापली, पण मागच्या बाजूला बागेचं वर्षभराचं कोष्टक दिलं: मृगाआधी खड्डे, पावसाळ्यात फांद्या लावणं, दिवाळीच्या आसपास हंगामी फुलांची रोपं, उन्हाळ्यात आच्छादन, निंबोळी पेंड केव्हा आणि किती. ते पत्रक एका आजोबांच्या फ्रिजवर चुंबकाखाली अजून आहे. तेव्हा पत्रक काढायचंच असेल तर मागची बाजू कोरी सोडू नका, आणि मे महिन्याच्या शेवटी टाका. जुलैत पेपरबरोबर तेही भिजून येतं.

पैसे घेऊन चौकश्या पुरवणारी ॲपं असतात. त्यातल्या एकाचे मी तीन महिने पैसे भरले. एकच चौकशी आम्हा कितीतरी जणांना विकली जाते हे मला गिऱ्हाइकानेच सांगितलं, "तुम्ही सहावे." त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

नर्सरीवाल्याशी ओळख मात्र नेटाने ठेवा. झाडं घेतल्यावर माणूस गल्ल्यापाशीच विचारतो, "लावून द्यायला कोणी मिळेल का?" त्या वेळी त्याच्या तोंडी तुमचं नाव आलं पाहिजे. त्यासाठी माल त्याच्याकडून उचलावा लागतो. उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या बाजूला तीच रोपं स्वस्त पडतात, आणि कुंपणाला शंभर-दोनशे ड्युरांटाची रोपं लागणार असतील तर मीही तिकडेच जातो; पण पेंटास, शेवंती, लाल मातीची पोती जवळच्या नर्सरीतून, चार पैसे जास्त देऊन. तो फरक मी जाहिरातीच्या खात्यात धरतो. अडचण एवढीच, की सगळं त्या माणसाच्या मर्जीवर. उद्या त्याच्या भाच्याने ब्रश कटर घेतला की आपला पत्ता कट.

आता गूगल. गूगलच्या सर्चमध्ये आणि नकाशावर आपल्या धंद्याचं नाव, नंबर दिसावा म्हणून करतात ती ही नोंद फुकट आहे आणि ती करावीच, त्यात दुमत नाही. पूर्वी तिला 'गूगल माय बिझनेस' म्हणायचे, २०२१ पासून 'बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. दुकान नसलं तरी अडत नाही. घरचा पत्ता लपवता येतो आणि कुठल्या भागांत काम करता ते देता येतं, वीस भागांपर्यंत. खातरजमेसाठी मला व्हिडिओ पाठवावा लागला: शेडचं कुलूप उघडताना, आतली अवजारं, टेम्पो. व्हिडिओ बायकोने काढला, मध्येच कुकरची शिट्टी झाली, तरी मंजूर झाला. नोंदीबरोबर गूगल एक फुकट वेबसाइटही द्यायचं, ती सोय २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी जुलैअखेर नोंदीतलं चॅटही गेलं. जुन्या व्हिडिओंतून अजून ते करायला सांगतात, तिकडे वेळ घालवू नका. फोटो टाका. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की माझ्याकडे आठवडाभर फोन वाढतात. त्याआधी नवे फोटो चढवलेले असावेत. गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला जरूर सांगा, पण त्याबद्दल बिलात सूट देऊ नका, गूगलच्या नियमांत ते बसत नाही.

एवढं केल्यावर दोनेक महिन्यांत फोन वाजायला लागला. आठवड्याला चार, कधी सहा. पत्रकांच्या दिवसांपुढे ही दिवाळीच. आणि त्याबरोबर एक वाक्य सुरू झालं, ज्याने पुढे माझा निर्णय केला: "एकदा बघून तर जा ना."

आपल्या धंद्यात फोनवर भाव सांगता येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. माती कशी आहे, ऊन किती तास, पाइप नळापासून कोपऱ्यापर्यंत पोचतो का, हे बघावंच लागतं. पण गूगलवरून फोन करणारा माणूस कुठूनही करतो. मी भाग दिले होते ते कोथरूड-बावधनकडचे. पण ते काही कुंपण नव्हे. नोंद ज्याला दिसली तो फोन करणारच.

एका मंगळवारी वाघोलीहून फोन आला. बाई म्हणाल्या, "टेरेस गार्डन आहे." वारजे ते वाघोली पंचवीसेक किलोमीटर, पण नगर रस्त्यावर किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही. साडेनऊला निघालो तो अकराच्या पुढे पोचलो. नवव्या मजल्यावर बाल्कनी. सहा कुंड्या, आणि एका चिनीमातीच्या मोठ्या कुंडीत अरेका पाम, पानांची टोकं करपलेली. कुंडी तिरकी करून बुडाला हात लावला तर खाली भोकच नाही. आत नुसता चिखल. ते सांगितलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं, चहा दिला (चहा उत्तम होता), आणि विचारलं, "महिन्यातून एकदा यायचं काय घ्याल?" मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "आमच्या वॉचमनचा भाऊ दीडशेत करतो हो." मी म्हटलं, मग त्यालाच द्या ताई, एवढ्या लांबून यायचं म्हणजे माझं पेट्रोलही सुटणार नाही.

"मग आलात कशाला?"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात कर्वेनगरहून पोरांचा फोन: ब्रश कटरची दोरी संपली. नवं रीळ टेम्पोत, आणि टेम्पो माझ्याबरोबर वाघोलीत. दोन माणसं दुपारपर्यंत जांभळाखाली बसून राहिली. त्यांची रोजी मी दिलीच.

रात्री डायरी काढून मागच्या तीन महिन्यांच्या खेपा मोजल्या. गूगलवरच्या फोनांमागे एकवीस ठिकाणी बघायला गेलो होतो. कामं मिळाली चार, आणि दर आठवड्याचं, बांधलेलं असं त्यातलं एकच. हे काही शास्त्र नव्हे; दुसऱ्या कोणाच्या डायरीत याच्या उलटही असेल. नंतर मी जरा शहाणा झालो. फोनवरच फोटो आणि लोकेशन मागवतो, आणि पाच किलोमीटरच्या पलीकडे बघायला यायचे तीनशे रुपये सांगतो, काम ठरलं तर बिलातून वजा. फोन निम्मे झाले, तापही निम्मा. व्हॉट्सॲप बिझनेस या कामाला बरं पडतं, ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात. त्यातल्या ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकच मेसेज एकदम पुष्कळांना धाडण्यावर, मात्र फार भिस्त ठेवू नका. ज्याने तुमचा नंबर साठवलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून मी पहिलं बिल देताना समोर उभा राहून नंबर सेव्ह करून घेतो.

पाटीचं सगळं अपघाताने सुरू झालं. डहाणूकर कॉलनीत एका बंगल्याला नवं लॉन टाकलं होतं, सिलेक्शन नंबर वन या जातीच्या गवताचं. मुळं धरेपर्यंत कोणी पाय ठेवू नये म्हणून काठ्यांना सुतळी बांधली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, 'लॉनवर चालू नये'. खाली जागा उरली म्हणून माझा नंबर टाकला. आठवड्याच्या आत समोरच्या बंगल्यातून फोन. त्यांनी "काय घेता" असं विचारलंच नाही. म्हणाले, "यांच्यासारखं करून द्याल का?" बघायला जायचं म्हणजे रस्ता ओलांडायचा. काम मिळालं तेव्हा तोच मोअर, तीच माणसं, तीच सकाळ. टेम्पो हलवायचीही गरज नाही. आता त्या एका गल्लीत माझ्या तीन बागा आहेत. सकाळी सातला शिरतो आणि दहाला बाहेर.

मग रीतसर पाट्या केल्या. एक फूट बाय दीड फूट, हिरव्यावर पांढरं. पहिल्या सनबोर्डच्या, म्हणजे हलक्या फोमच्या होत्या, त्या एका पावसाळ्यात पापडासारख्या वाकल्या. हल्ली पत्र्याच्या रंगवून घेतो, चारशे रुपयांच्या आत पडते.

मालकांना विचारणं हे यातलं खरं अवघड काम. पुण्यात दुसऱ्याच्या फाटकावर आपलं नाव लावायचं म्हणजे! एका काकांनी ऐकवलं, "पाटी लावायचीच तर आमची आम्ही लावू, आमच्याकडे पुष्कळ मजकूर आहे." तेव्हा नुसतं मागू नका. मी सौदा ठरवलाय: पाटी असेपर्यंत वर्षातून दोन फवारण्या माझ्याकडून. मिलीबगने, त्या पांढऱ्या कापसासारख्या किडीने, गांजलेल्या जास्वंदीवाल्यांना तो चटकन पटतो. सातांपैकी चौघांनी हो म्हटलं, आणि काकांनी फवारणी घेतली, पाटी नाही. पाटी मालकाच्या हद्दीतच बांधा, तारेने. रस्त्यावरच्या भिंतीवर किंवा खांबावर नको. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे, शिवाय जाहिरातींच्या पाट्या-फलकांवर नजर ठेवणारा महापालिकेचा आकाशचिन्ह विभाग आहेच. झाडाला खिळा ठोकून त्यावर 'बागकाम केले जाईल' अशी पाटी लावणारेही मी या डोळ्यांनी पाहिलेत. त्यांना काम देणारे कोण, देव जाणे.

पाटीला तोटे नाहीत असं म्हणवत नाही. एक बंगलेवाले जोडपं मार्चमध्ये मुलीकडे अमेरिकेला गेलं, सहा महिन्यांसाठी. काम थांबवलं, पाणी घालायला कोणी माणूस ठेवला होता म्हणे. पाण्याची मोटार जळली की माणूस यायचा थांबला, कळलं नाही. पाटी काढायची मी विसरलो. मे महिन्यात नर्सरीवाल्याने फोटो पाठवला: गोणपाटासारखं झालेलं लॉन, कडेला वाळलेली इक्झोरा, आणि मधोमध हिरवीगार पाटी, माझ्या नंबरासकट. खाली त्याने हसरा चेहरा टाकला होता. तेव्हापासून काम थांबलं की त्याच दिवशी पाटी उतरते. दुसरं म्हणजे बंगलेच कमी होत चाललेत. माझ्या पाटीची दोन घरं गेल्या वर्षी रीडेव्हलपमेंटला गेली, तिथे आता बिल्डरचे पत्रे आहेत. सोसायटीत पाटी टिकते ती पुढच्या कमिटीपर्यंत.

तेव्हा तुमचं काम कुठलं, त्यावर बघा. नव्या बागा करून देणं, फार्महाऊस, गच्चीवरची बाग, अशी एकदाच येणारी मोठी कामं तुम्हाला हवी असतील तर गूगलची नोंद तुम्हाला माझ्यापेक्षा बरंच काही देईल. लाखाच्या कामासाठी वाघोलीच काय, तळेगावलाही जायला परवडतं, आणि तिथे माणूस आधीचे फोटो बघूनच फोन करतो. हातात अजून एकही बाग नसेल तर पाटी लावणार कुठे, हाही प्रश्न खराच. पहिलं वर्ष गूगल आणि नर्सरीवाला यांच्यावर काढावं लागेल. पण दर आठवड्याच्या देखभालीवर घर चालत असेल, तर मी आपला पाटीकडे झुकतो. माझी गूगलवरची नोंद अजून आहे, फोटोही टाकतो. फक्त नवीन पाटी रंगवायला टाकताना हात आखडत नाही, आणि एखाद्या गल्लीत पहिली बाग मिळत असेल तर भावात थोडा खाली येतो.

पाटीवर 'लँडस्केप सोल्यूशन्स' असलं काही लिहू नका. माझ्या पाट्यांवर 'या बागेची निगा आम्ही राखतो' एवढंच आहे, आणि नंबर, दोन ओळींत, बोटाएवढ्या उंच आकड्यांत. फार वरही बांधू नका. मला फोन करणारे बहुतेक सकाळी कुत्रं फिरवणारे असतात. कुत्रं फाटकाशी थांबलं की ते मिनिटभर तिथेच उभे, मान खाली, आणि तेवढ्या वेळात वाचायला दुसरं काही नसतं.